परदेशात शिकताना शेअर टॅक्सी: पोरीला बसू द्यावं का?

अक्कलकोटरोड (धागाकर्ता), १४ ऑगस्ट
नमस्कार मंडळी. मुलगी सप्टेंबरात बिश्केकला (किर्गिझस्तानात) चालली आहे, एमबीबीएसला. फी, व्हिसा, नीटची परीक्षा, सगळं झालंय, त्यावर सल्ले नकोत. माझी झोप वेगळ्याच गोष्टीनं उडाली आहे. परवा तिच्या एका सीनियरशी फोनवर बोललो. तो सहज म्हणाला, "काका, इथं गावात सगळे मार्श्रुत्कानं फिरतात, आणि लांब जायचं तर शेअर टॅक्सी." मी विचारलं, म्हणजे काय रे? तर म्हणाला, "वडापच की ओ काका."

आता वडाप म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. एकोणीस वर्षं सोलापूर-अक्कलकोट वडापनं, म्हणजे भरली की सुटणाऱ्या खाजगी जीपनं, जाऊन-येऊन नोकरी केली. कमांडर जीप, त्यात सोळा-सतरा माणसं, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर आणि गिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून बसलेला मी. तिसरा गिअर टाकायचा असला की तो मला कोपरानं खुणवायचा. एकदा कुंभारीच्या पुढं टायर फुटलं. आम्ही एकामागं एक उतरायला लागलो तर मागच्या एसटीतले लोक खिडकीतून मोजायला लागले.

तर माझे प्रश्न साधे आहेत. तिथं पैसे कुणाला द्यायचे? भाषा येत नसताना गाडी थांबवायची कशी? आणि मुख्य म्हणजे अनोळखी चार माणसांबरोबर पोरीनं डोंगरातून दिवसभराचा प्रवास करावा का? बायको म्हणते तिचं ती बघेल. पोरगी म्हणते, बाबा गूगल आहे. म्हणून इथं विचारतोय.

चादरवाला
काका, पोरीला हिमालयापलीकडं पाठवायलाय आणि काळजी वडापची? 😀

साधीबाई
चादरवाला, काळजी असल्याच गोष्टींची असते. हिमालयाची कुणी करत नाही.

ओशवाला
काका, मी ओशला, किर्गिझस्तानातल्याच दुसऱ्या शहरात, पाच वर्षं काढली. घर माझं विजापूर रोडला, त्यामुळं तुमची भाषा कळते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. गावातली मार्श्रुत्का निराळी आणि गावोगावची शेअर टॅक्सी निराळी. मार्श्रुत्का म्हणजे नंबर लावलेली, ठरलेल्या रस्त्यानं जाणारी व्हॅन. बहुतेक जुन्या मर्सिडीज स्प्रिंटर. तिला आपल्या वडापसारखं "भरली की निघाली" नसतं. ती फिरतच असते, हात केला की थांबते. चढताना ड्रायव्हरला पैसे. गर्दीत मागं ढकलले गेलात तर पुढच्याच्या हातात नोट द्यायची, ती हातोहात पुढं जाते आणि सुट्टे तसेच हातोहात मागं येतात. पाच वर्षांत माझा एक सोम (तिथलं चलन) कमी आला नाही.

उतरायचं असलं की बोलावं लागतं. रशियनमध्ये "ना ओस्तानोव्के", म्हणजे स्टॉपवर. किर्गिझमध्ये "तोक्तोतुप कोयुन्गुझ", थांबवा की ओ. पहिला महिनाभर मला लाज वाटायची. मग काय, दुसरा कुणी उतरेल तिथंच मी उतरायचो आणि राहिलेलं चालत जायचो. उणे दहा तापमानात.

हिवाळ्याचं एक तिला आत्ताच सांगून ठेवा. आत हीटर, बाहेर बर्फ, त्यामुळं काचा आतून पांढऱ्या होतात आणि आपण कुठं आलोय ते कळत नाही. सगळे नखानं काच खरवडून बघत असतात. फोनमध्ये टूजीआयएस टाकून घ्यायला सांगा. त्यात शहराचा नकाशा आणि गाड्यांचे नंबर दोन्ही असतात, नेट नसलं तरी नकाशा चालतो.

आणि दार आपटायचं नाही! चढणारा बसला की दार ओढून घ्यायचं, पण हलकं. जोरात लावलं तर ड्रायव्हर अख्ख्या गाडीसमोर काढतो. ड्रायव्हरला हाक मारायची "बायके". म्हणजे थोरला भाऊ.

चादरवाला
बायके?? ड्रायव्हरला???

ओशवाला
हो, बरोबर वाचलंस. माझा रूममेट करमाळ्याचा. पहिल्याच आठवड्यात मी भर गाडीत मोठ्यांदा "बायके!" म्हणून ओरडलो. तो खिडकीकडं तोंड करून बसला तो हॉस्टेल येईपर्यंत खांदे हलवत होता. लोकांना वाटलं रडायलाय.

दावाओवाला
हाहा, हे तर काहीच नाही. फिलिपिन्समध्ये थोरल्या बहिणीला, किंवा वयानं जरा मोठ्या कुठल्याही बाईला, "आते" म्हणतात. दावाओला मी पहिल्या दिवशी दुकानात उभा, आणि एक पोरगा काउंटरवरच्या बाईला आते, आते करतोय. मला वाटलं भाचा आलाय आत्याच्या गावाला.

काका, तुमच्या मुलीचा देश वेगळा, पण जीपनीचं, म्हणजे तिथल्या वडापचं सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानं मागं टाकलेल्या जीपा लांब करून त्यांनी त्या प्रवासी गाड्या केल्या, तिथून ही सुरू झाली. दोन्ही बाजूंना लांब बाकडी, माणसं समोरासमोर, चढायचं मागून. पैसे देताना "बयाद पो" म्हणून हात पुढं करायचा. ड्रायव्हरच्या पाठीमागं जो बसलाय तो आपोआप कंडक्टर. त्याला पगार नाही, सुटका नाही. मी नवीन होतो तेव्हा नेमका तिथंच जाऊन बसलो, जागा मोकळी दिसली म्हणून. का मोकळी होती ते दोन मिनिटांत कळलं. बारा जणांचे पैसे पुढं, बारा जणांचे सुट्टे मागं, आणि कुणी काय सांगतंय एक अक्षर कळत नाही. उतरायचं तेव्हा "पारा पो", किंवा नाण्यानं वरच्या दांडीवर टकटक.

दोन वर्षांनी मीच नवीन पोरांना तिथं बसवायचो.

पूर्वभागकर
+१. हातोहात पैसे जाण्यात नवल ते काय? आपल्याकडं अशोक चौकातून शेअर रिक्षात बसलं की मागचा माणूस तेलुगूत विचारतो, मधला कानडीत उत्तर देतो, ड्रायव्हर दख्खनीत "आगे सरको" म्हणतो आणि सुट्ट्यांचं भांडण मराठीत होतं. तिघांनाही सगळं कळतं. सोलापूरच्या पोरांना परदेशात भाषेची भीती वाटायचं कारणच नाही. आपण लहानपणापासून न कळणाऱ्या भाषेत प्रवास केलाय.

माढेकर
पूर्वभागकर, लै भारी. पण सुट्ट्यांचं भांडण नेहमी मराठीतच का होतं हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

साधीबाई
मी तिबिलिसीला शिकले (जॉर्जिया). ओशवाला यांचं सगळं खरं आहे, पण मुलं हे फार सहज सांगतात. काकांनी मुलीबद्दल विचारलंय, तर मुलीच्या बाजूनं लिहिते.

गर्दीच्या मार्श्रुत्कात धक्के लागतात, आणि कधीकधी ते "चुकून" नसतात. हे सोलापुरात होतं, तिबिलिसीत होतं, बिश्केकला होत नसेल असं मानायचं कारण नाही. मी काय करायचे ते सांगते. शक्यतो ड्रायव्हरच्या लगेच मागची सीट, नाहीतर कुणातरी आजीबाईंच्या शेजारी. त्या भागातल्या आजीबाई म्हणजे चालतंबोलतं पोलीस ठाणं. एकदा एक माणूस जास्तच चिकटून उभा होता. मी काही बोलायच्या आत शेजारच्या म्हातारीनं त्याला जॉर्जियनमध्ये असं काही झापलं की तो मधेच उतरला. ती काय म्हणाली हे मला आजतागायत माहीत नाही. मी फक्त "मादलोबा" म्हणाले, म्हणजे धन्यवाद. तिनं पिशवीतून एक सफरचंद काढून माझ्या हातात ठेवलं.

रात्रीचं मात्र माझं मत पक्कं आहे. अंधार पडल्यावर शेअर काहीच नाही. ॲपवरून टॅक्सी, गाडीचा नंबर मैत्रिणीला, लोकेशन चालू. चार पैसे जास्त जातात, जाऊ द्या. घरून महिन्याचे पैसे पाठवताना काकांनी त्यात "रात्रीची टॅक्सी" असा वेगळा आकडा धरावा. नाहीतर पोरी पैसे वाचवायला नको तिथं बसतात. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगते.

अक्कलकोटरोड
साधीबाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही मेस, पुस्तकं, जाड कोट सगळं धरलं, ही टॅक्सी धरली नाही. धरतो.

कीबोर्ड_काका
मूळ मुद्दा राहिला बाजूला. एवढे लाख घालून तिकडं कशाला पाठवता? परत आल्यावर एफएमजीई (बाहेरून डॉक्टर झालेल्यांची इथली परीक्षा) कोण पास करणार? इथंच बीएस्सी...

ओशवाला
मी केली पास, काका. दुसऱ्या प्रयत्नात. प्रश्न गाडीचा आहे.

कीबोर्ड_काका
तुम्ही केली, सगळे करत नाहीत. आणि नियमही कडक झालेत.

दावाओवाला
नियम कडक झालेत हे खरं आहे. २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा कोर्स, इंग्रजीतून, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. धागाकर्त्यांनी हे तपासलं असेलच. पण कीकाका, "सल्ले नकोत" हे त्यांनी तिसऱ्या वाक्यात लिहिलंय हो.

संपादक
एमबीबीएस बाहेर करावं की नाही यावर आधीच तीन धागे आहेत, तिसरा अजून धुमसतोय. तिकडं जावे. इथं गाड्या.

चादरवाला
(पॉपकॉर्न परत ठेवलं.)

इस्तंबूल_एक_सेम
एक्स्चेंजवर एक सत्र तुर्कस्तानात होतो. तिथल्या शेअर गाडीला "दोल्मुश" म्हणतात. शब्दाचा अर्थच "भरलेलं". त्यांच्याकडं पानात किंवा भाजीत सारण भरून करतात त्या "दोल्मा"चं मूळही तेच. म्हणजे आपण वडाप म्हणतो, त्यांनी सरळ भरलं वांगं म्हटलंय. नावातच कबुली.

उतरताना म्हणायचं, "मुसाइत बीर येर्दे", सोयीच्या जागी. ही विनवणी मला फार आवडली. आपल्याकडं "हितं हितं हितं, ओ थांबव की!" असतं.

माढेकर
रच्याकने (म्हणजे जाता जाता), "वडाप" हा शब्द आला कुठून? ओढून आणतात म्हणून ओढाप, वडाप, असं आमचे आजोबा सांगायचे. खरं खोटं आजोबा जाणे. पुण्याच्या मित्रांना शब्दच माहीत नाही. "वडाप म्हणजे वडापावचं छोटं रूप का" असं एकानं विचारलं होतं.

श्टुटगार्टकर
जर्मनीत वडाप ॲपवर आहे, ब्लाब्लाकार. कुणीतरी स्वतःच्या गाडीनं श्टुटगार्टहून बर्लिनला निघालेलं असतं, रिकाम्या सीटा ॲपवर टाकतं, आपण पैसे भरून बसायचं. नाव गमतीचं आहे. प्रोफाइलवर पूर्वी सांगायचं असायचं, गाडीत किती बोलता: थोडं बोलणारा "ब्ला", मध्यम "ब्लाब्ला", फार बोलणारा "ब्लाब्लाब्ला". मी सोलापूरचा, मला चौथा ब्ला हवा होता.

पहिल्या प्रवासात वडापच्या हिशेबानं गेलो. नऊ वाजता निघणार म्हणजे साडेनवाला सीटा भरतील. नऊ वाजून सहा मिनिटांनी पोचलो तर गाडी गेलेली. फोन केला. बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "आम्ही नऊला निघालो." एवढंच. रागावल्याही नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मे २०२३ मध्ये ४९ युरोंचं महिन्याचं तिकीट आलं आणि पोरं लोकल गाड्यांकडं वळली, त्यामुळं आता माझंही ब्ला कमी झालंय.

ओशवाला
काकांचा खरा प्रश्न राहिला, लांबच्या शेअर टॅक्सीचा. बसून लिहितो.

पासपोर्टच्या कामाला आम्हाला ओशहून बिश्केकला दूतावासात जावं लागायचं. रस्ता सहाशे किलोमीटरच्या वर, दहा-बारा तास, मधे दोन मोठे घाट. त्यातल्या तो-आशू घाटात बोगदा आहे, तो तीन हजार मीटरच्या वर. विमान तासाभराचं, पण विद्यार्थ्याचा खिसा टॅक्सीकडं ओढतो.

टॅक्सी अड्ड्यावर उभी असते आणि भरली की निघते. इथं मात्र शंभर टक्के वडाप. ड्रायव्हर गावाचं नाव ओरडत असतो, तुमची बॅग हातातून काढून घेतो आणि डिकीत टाकतो. बॅग गेली की तुम्ही गेलात. म्हणून पहिला नियम: भाव ठरेपर्यंत बॅग सोडायची नाही. दुसरा: "बस एकच सीट बाकी" यावर विश्वास ठेवायचा नाही. एकदा मी बघितलं, मागं दोघं बसलेत, मी तिसरा, खुश झालो. चौथा गिऱ्हाईक आला तसे ते दोघं उतरले आणि सिगारेट ओढत निघून गेले. ड्रायव्हरचे दोस्त! पुढं दोन तास बसलो.

अक्कलकोटरोड
थांबा थांबा. हे तर आमच्या स्टँडबाहेर रोज चालायचं! एक शिवा म्हणून... नाव नको. तो रोज सकाळी चार जीपांमध्ये बसायचा. गाडी भरली की उतरायचा. आम्हाला वाटायचं याला अक्कलकोटला जायचंय तरी का. ड्रायव्हर त्याला चहा पाजायचे. आणि इंजिन चालू करून गाडी चार हात पुढं, चार हात मागं करायची, म्हणजे लांबच्या माणसाला वाटावं सुटली. तेही असतं का तिकडं?

ओशवाला
असतं, काका. 😀 अगदी तस्संच.

आता गाडीचं. तिकडं रस्त्यानं उजवीकडून चालतात, पण गाड्या पुष्कळशा जपानहून आलेल्या जुन्या, त्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडं. म्हणजे ड्रायव्हर बसतो रस्त्याच्या कडेला. पुढं ट्रक असला की ओव्हरटेक करताना त्याला समोरचं दिसत नाही. दिसतं कुणाला? पुढच्या डाव्या सीटवर बसलेल्या प्रवाशाला. पहिल्यांदा मी पुढं बसलो तेव्हा ड्रायव्हरनं मला कोपरानं खुणवलं आणि भुवया उडवल्या. मला कळेना. मग कळलं, विचारतोय: येतोय का कुणी? त्या दिवशी सुसामिरच्या पठारापर्यंत मी त्या गाडीचा अर्धा ड्रायव्हर होतो. "नेत, नेत, दा, दा!" एवढ्यावर चार माणसांचा जीव.

सुसामिरला उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस आणि कुरुत विकतात. कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या. एका आपांनी (शब्दशः आई, पण वयस्कर बाईलाही तसंच म्हणतात) मला मूठभर दिल्या. नाही म्हणता येईना. मी डब्यातली शेंगा चटणी काढली. गाडीत नान होतं (नानला तिकडंही नानच म्हणतात). आपांनी चटणी लावून खाल्ली, डोळे मिटले, आणि पुढच्या ड्रायव्हरला तोंडात भरवली. तो घाटात एका हातानं गाडी चालवत होता. मी कुरुत गिळली.

तर काका, उत्तर: पहिलं वर्ष तिनं हा लांबचा प्रवास टॅक्सीनं करूच नये. लागलंच तर विमान. पुढं करायचा तर दिवसा, उन्हाळ्यात, दोन-तीन मैत्रिणी मिळून अख्खी गाडी किंवा सगळ्या मागच्या सीटा घेऊन. हिवाळ्यात त्या घाटांत बर्फ आणि हिमकडे, रस्ता बंदही होतो. रात्रीचा कधीच नाही. तिथं माणसाची भीती कमी, झोपलेल्या ड्रायव्हरची जास्त.

साधीबाई
ह्या प्रतिसादाशी १०० टक्के सहमत. आधीचा "मुलं सहज सांगतात" हा शेरा मागं घेते. अर्धा.

पूर्वभागकर
वाचनखूण साठवली. काचा, कुरुत, कोपर. काकांचं कोपर आणि याचं कोपर एकच!

टर्नोपिल२२
लिहू की नको करत होतो. मी युक्रेनला होतो. फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं तेव्हा टर्नोपिलहून शेहिनीच्या पोलंड सीमेकडं निघालो, आठ पोरं एका मार्श्रुत्कात. एरवी तिच्यात पैसे हातोहात जायचे, त्या दिवशी ड्रायव्हरनं सगळे आधी मोजून घेतले. भाव त्यानं वाढवला होता, आम्हाला राग आला होता. गाड्यांची रांग इतकी लांब होती की सीमेच्या कितीतरी आधी त्यानं सांगितलं, आता चालत जा, यात बसलात तर दोन दिवस लागतील. आम्ही उतरलो. रात्रभर चाललो. मागं वळून बघितलं तर तो दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या एका बाईला आणि दोन लहान पोरांना गाडीत घेत होता. त्यांच्याकडून घेतले का पैसे, ते बघितलं नाही.

बाकी ऑपरेशन गंगाचं, सरकारनं पोरांना विमानानं परत आणलं ते, सगळ्यांना माहीत आहे. काका, मुलीला एवढंच सांगा, पासपोर्ट बॅगेत नाही, अंगावर ठेव. आणि दूतावासाचा नंबर फोनमध्ये नाही, कागदावर.

साधीबाई
🙏 आणि बिश्केकचंही लक्षात ठेवावं. मे २०२४ मध्ये तिथं जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर हल्ले केले होते, दूतावासानं पोरांना बाहेर पडू नका सांगितलं होतं. भीती घालायला नाही लिहीत. अशा वेळी स्वस्त गाडी शोधायची नसते, खोलीत बसायचं असतं, एवढंच तिला माहीत हवं.

अक्कलकोटरोड
वाचलं. दोनदा वाचलं. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, पासपोर्टला गळ्यात घालायची पिशवी मी शिवते. जुन्या चादरीची.

माढेकर
आपल्या सोलापूरचे कोटणीस डॉक्टर १९३८ साली चीनला बोटीनं गेले होते, काका. तुमच्या लेकीला दिल्लीहून चार तासांच्या आत विमान आहे, आणि वर गळ्यात सोलापुरी चादर. काही होत नाही.

चादरवाला
पिशवीचं कापड आमच्याकडनं. पैसे घेणार नाही. सीरियसली.

*(मधे धागा थंड)*

अक्कलकोटरोड, २३ नोव्हेंबर
मंडळी, धागा वर काढतोय. पोरगी जाऊन दोन महिने झाले. पहिले पंधरा दिवस कॉलेजच्या बसनं गेली म्हणे. मी रोज विचारायचो, मार्श्रुत्कात बसलीस का? नाही बाबा. बसलीस का? नाही बाबा. परवा कळलं, तिसऱ्याच दिवसापासून बसत होती. मला काळजी नको म्हणून सांगितलं नाही.

अहवाल असा. शहरात आता मोठ्या बसेसही झाल्यात, कार्डावर पैसे जातात, त्यामुळं ती दोन्हीनं फिरते. रात्री ॲपची टॅक्सी, त्याचे पैसे मी वेगळे पाठवतो, साधीबाईंना धन्यवाद. "बायके" म्हणायला तिला अजून जमत नाही, हसू येतं. त्याऐवजी ती बायका जास्त असलेल्या गाडीत बसते आणि "एजे" म्हणते, म्हणजे ताई. ताई ड्रायव्हरला ओरडून सांगते.

एकदा वीस-पंचवीस माणसांच्या गर्दीत तिनं मोठी नोट पुढं दिली. सुट्टे येईनात. दोन स्टॉप गेले. ती म्हणते, बाबा मी तुमच्यासारखं मराठीत भांडणारच होते. इतक्यात मागून एका पोरानं खांद्यावर टकटक केलं. सुट्टे पुढून निघून तिला ओलांडून शेवटच्या सीटपर्यंत गेले होते, आणि तिथून "कुणाचे, कुणाचे" विचारत परत येत होते. मोजले. बरोबर होते.

पूर्वभागकर
भांडण राहिलं म्हणायचं. 😀

दावाओवाला
म्हातारी माणसं चढली की उठते ना? तिकडं ते फार बघतात असं ऐकलंय.

अक्कलकोटरोड
उठते. सांगत होती, रिकामी सीट असली तरी बसायला भीती वाटते, पुढच्या स्टॉपला आपा चढणार. उभीच राहते.

आता माझाच एक प्रश्न आहे. जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) तिला येता येणार नाही. ती म्हणते, जूनमध्ये तुम्हीच या, इसिक-कुल तलाव बघायला काराकोलला शेअर टॅक्सीनं जाऊ, दिवसा. बायको तयार आहे. ओशवाला, मला एवढंच सांगा, पुढची सीट मिळवायला काय करावं लागतं? लवकर जावं लागतं का, जास्त पैसे?

ओशवाला
काही करायचं नाही, काका. तुमचे पांढरे केस बघून लोक स्वतःच पुढं बसवतील. तुम्ही फक्त ट्रक येतोय का बघत राहा.